डाव्या काठाचा डाग

मी, तंबाखू ओढायचे पाइप घडवून आणि दुरुस्त करून पोट भरलेला, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, आज सकाळी चहा घेऊन, कोणाच्या दडपणाखाली नव्हे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. वकिलाला दाखवलेलं नाही. तो धाकट्या मुलाच्या ओळखीचा आहे.

१. राहतं घर बायको हयात असेपर्यंत तिचं, नंतर दोघा मुलांचं निम्मं निम्मं. धाकट्याने आत्ताच टेप लावून मापं घेतली आहेत. पडद्यासाठी, असं म्हणतो.

२. बँकेतली ठेव बायकोची. पासबुक कुठे आहे ते तिला माहीत आहे. मी सांगितलेलं नव्हतं.

३. लेथ आणि कानशी धाकट्याला. तो विकणार, हे मी जाणतो. हात थोरल्याचा चांगला आहे, तरी त्याला देत नाही. कारण खाली.

४. माझे सात पाइप. शेकडोंतून निवडलेले. लाकूड हलकं, कुठे भेग लांबीने बुजवलेली नाही, नळीचं भोक वाटीच्या बरोबर तळाशी उतरलेलं. ओढलेल्या पाइपला विसावा लागतो, म्हणून वाराला एक. गरम असताना नळी उपसू नये. वाटीतली काजळी नाण्याच्या जाडीइतकी राखावी, पाण्याने धुऊ नये. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी तंबाखू बंद केली, तरी मी रोज एक पाइप पुसतो. गेल्या वर्षी एकाच्या आत तार फिरवली तर ती ओली, तपकिरी निघाली, म्हणजे कोणीतरी तो नुकताच ओढलेला. वाटीचा डावा काठ काळा पडलेला. उजव्या हाताने काडी लावणारा उजवा काठ जाळतो. घरात डावरा एकच, थोरला. मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणालो.

तो म्हणाला, "बाबा, मी कधी विडीला तरी हात लावलाय का?"

मी म्हणालो, "काठ खोटं बोलत नाही."

आठ महिने झाले, तो आलेला नाही. म्हणून या पाइपांपैकी एकही त्याला

इथवर लिहिलं तोच मागून बायको म्हणाली, "त्याला कशाला गोवताय? मी ओढते."

"तू? तू तर सगळं उजव्या हाताने करतेस."

तिने एक पाइप उचलून त्याला काडी लावून दाखवली. डाव्या हाताने. म्हणाली, "चाळीस वर्षं समोर बसून बघितलं. तुमचा हात मला ज्या बाजूला दिसायचा, त्याच बाजूचा मी वापरते. आणि तुमच्यासारखा संशयी माणूस सांभाळायचा, तर काहीतरी ओढायला नको?"

"मग इतके महिने गप्प का बसलीस?"

"त्याला घालवलंत. मला कुठे घालवाल, याची भीती वाटली."

ती थोरल्याला वाचवत असेल असं वाटून मी दुसरा पाइप पुढे केला. तोही तिने डाव्याच हाताने पेटवला.

५. कलम ३ रद्द. लेथ आणि कानशी थोरल्याला. पाइप बायकोला, तिच्यानंतर थोरल्याला. त्याला चोर म्हणालो ते साक्षीदारांसमोर मागे घेतो. वरचं काही खोडलेलं नाही. खोडलं तर धाकटा शंका काढेल.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे आजच वाचावं. साक्षीदार घड्याळजींनी दुपारी हे घेऊन थोरल्याकडे जावं. त्याने दार उघडलं नाही तर बाहेरूनच मोठ्याने वाचावं. शेजाऱ्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नाही.

लिहून देणार: सही
साक्षीदार: १. घड्याळजी, सही २. निवृत्त पोस्टमास्तर, सही
(बायकोला सही करू दिलेली नाही, तिला वाटा मिळणार आहे, वाटेकऱ्याची साक्ष चालत नाही.)
स्थळ: राहत्या घराची मागची खोली
तारीख: अकरा मार्च, सकाळी साडेदहा