कडेला आलेले मामा

सांगली,
ता. १२ नोव्हेंबर १९४६

ती. मधुदादास सुहासिनीचा साष्टांग नमस्कार.

आईचे गुडघे, अप्पांचा खोकला, सगळं जिथल्या तिथे आहे. तुझा कॅमेरा मात्र आलास की परत घेऊन जा.

इटलीहून परतलेल्या कुणा सुभेदाराकडून तू तो हौसेने घेतलास. अरे, पण घेताना आपल्या बहिणीला चष्मा आहे हे आठवलं नाही? त्याची ती बघायची खिडकी केवढी, तर सदऱ्याच्या बटणाएवढी! चष्मा लावून डोळा टेकवावा, तर चष्म्याची काच मध्ये येते आणि चित्राचा मधला भाग तेवढा दिसतो, कडा दिसतच नाहीत. चष्मा काढावा, तर फोटो स्पष्ट यायला खिडकीतली दोन चित्रं एकावर एक बसवावी लागतात, ती बसवायची कशी? दोन्हींचा नुसता लगदा. शिवाय माझ्या काचेवर चरा पडला तो वेगळाच.

आता त्या दिवसाचं. आईने लिहिलं असेल, पण निम्मंच लिहिलं असणार. तू शिकवतोस त्या शाळेतले गणिताचे मास्तर गोपाळराव, त्यांच्या आई आणि मामा मला बघायला आले. तू पढवल्याप्रमाणे आईने माझा चष्मा तांदळाच्या डब्यात दडवला. मी पोह्यांची बशी मामांऐवजी खांबापुढे धरली. हसू नकोस.

गोपाळरावांनी कॅमेरा बघायला मागितला. डोळ्याला लावून इकडे फिरवला, तिकडे फिरवला आणि म्हणाले, "यातली दोन चित्रं काही केल्या जुळत नाहीत हो." मला वाटलं, बिचारे नवखे. बाकी बोलले छान. मी घाटावरचे फोटो काढते, हळदीच्या बाजारातले काढते, सगळं विचारून घेतलं. मुलीच्या जातीला हे कशाला, असं एकदाही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "आमचाही एक काढा की."

आता न दिसता कसा काढू? तडक आत गेले, डब्यातून चष्मा काढला, पदराला पुसला आणि सगळ्यांसमोर लावला. आईचा चेहरा बघवेना. अंगणात मायलेकांना उभं केलं, दोन चित्रं नीट जुळवली आणि खटका दाबला. कडेला काय आलं ते मला कुठलं दिसायला!

आठवडा झाला नाही तोच नकार. "मुलीला चष्मा आहे हे आमच्यापासून लपवलंत." अप्पा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, "थोडा वेळ दम धरवला नाही गं तुला?"

काल रोल धुऊन आला. एक प्रत सोबत आहे. मधोमध मायलेक. गोपाळरावांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंचे वळ बघ, माझ्या नाकावर आहेत तस्से. आणि डाव्या कडेला, मला खिडकीतून मुळीच न दिसलेले, अर्धे मामा. मामांच्या नाकावर त्यांचा चष्मा. हातात आणखी एक.

दादा, तू रोज मास्तरांच्या खोलीत त्यांच्या शेजारी बसतोस. बिनचष्म्याचं कधी पाहिलंस त्यांना? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस! चष्मा दडवायचा सल्ला तिकडे त्यांनाही तूच दिलास ना? कमाल आहे बाई तुझी!

नकाराचं मला काही वाटत नाही, असं आत्ताच लिहिलं होतं. ते खोडलं. वाटतं. मला ते आवडले होते. त्यांच्या घरात ते नकाराचं पत्र लिहिलं जात असताना हा माणूस स्वतःचा चष्मा नाकावर ठेवून गप्प बसला असेल, याचा संताप येतो आणि रडूही येतं.

दुसरी प्रत वेगळ्या पाकिटात घातली आहे. ती त्यांच्याच हातात दे, पण चारचौघांत नको. आत मी काही लिहिलेलं नाही. एवढंच सांग, कडेपर्यंत नीट बघा म्हणावं. पुन्हा यावंसं वाटलं तर नाकावर चष्मा ठेवून या. नाही वाटलं तर तसं स्वतःच्या हाताने लिहा.

आमच्या डब्यात आता तांदूळच आहेत. आणि कॅमेरा राहू दे माझ्याकडेच.

तुझ्यावर रागावलेली, चष्म्यासकट तुझीच,
सुहासिनी