दोन गावांच्या शाळेचा पट

अण्णा,

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी एका अनोळखी घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या पायात घरातल्या चपला होत्या, चेहऱ्यावर भीती होती, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "काही अपघात झाला आहे का?" मी म्हणालो, नाही, मी शाळेसंबंधी आलो आहे. त्यावर भीती गेली आणि तिच्या जागी जे आले ते अधिक वाईट होते. जर्मनीत रविवारी, आधी वेळ न ठरवता, ओळख नसताना कोणी कोणाच्या दारात उभे राहत नाही. इतकी वर्षे हॅनोव्हरच्या परिसरात राहून हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही मी गेलो, एक नव्हे, अनेक दारांवर गेलो, आणि या मूर्खपणाची प्रेरणा सर्वस्वी तुमची आहे, म्हणून हे तुम्हाला ऐकवणे भाग आहे.

आमच्या इथे दोन लहान गावांची मिळून एक प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी, चार वर्ग, मागे बीच वृक्षांची रांग, पुढे सायकली लावायची लोखंडी चौकट. तुमची नात तिथे दुसरीत आहे. (तुम्ही तिला पाहिले नाही, ती मला उशिरा झाली.) गावात मुले कमी होत चालली आहेत, आणि येत्या ऑगस्टमध्ये पहिलीचा वर्ग भरण्याइतकी नावे आली नाहीत तर शाळा बंद करून सगळ्यांना शेजारच्या शहरातल्या मोठ्या शाळेत पाठवावे, असा विचार नगरपालिकेत चालू होता. यावर पालकांनी काय करावे? समिती स्थापन केली. समिती हिवाळाभर भरली. प्रत्येक बैठकीला कोणीतरी घरी केलेला केक आणत असे, प्रथम मागच्या बैठकीच्या इतिवृत्ताला मंजुरी दिली जात असे, आणि मग कुंपणावर लावायचा फलक निळा असावा की हिरवा यावर चर्चा होत असे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, इतिवृत्ताचे मला वावडे नाही. पण फलकाच्या रंगावर तिसऱ्यांदा मतदान झाले तेव्हा मला तुम्ही आठवलात.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. नगरपरिषदेच्या शाळेला सुटी आहे आणि तुम्ही सुटीवर नाही. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, विणकरांच्या आळीत दार न दार ठोठावत तुम्ही निघाला आहात. "पोरगी सहा वर्षांची झाली ना? जूनमध्ये पाठवा." कोणी म्हणते, धाकट्याला कोण सांभाळणार? तुम्ही म्हणता, "धाकट्यालाही घेऊन येऊ दे, बसेल मागं." कोणी पाणी देते, कोणी ओट्यावरूनच हात जोडते. पट भरला नाही तर तुकडी जाते, तुकडी गेली तर शिक्षक जातो, हे गणित तुम्ही मला पाढ्यांच्या आधी शिकवलेत. मला वाटले, माणसे सगळीकडे सारखी. दार ठोठावले तर उघडतील.

ज्या बागेत ट्रँपोलिन किंवा लहान सायकल दिसली ते घर मी निवडले. सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतले. त्या सज्जन आहेत, शाळेवर त्यांचे माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे, आणि त्या संतापल्या होत्या.

"हे पत्ते तुम्हाला कोणी दिले?"

"कोणी नाही. ट्रँपोलिनवरून कळले."

त्या हसल्या नाहीत. "कुठल्या घरात शाळेच्या वयाचे मूल आहे ही खाजगी माहिती आहे. डाटेनशुत्झ हा शब्द तुम्ही ऐकला आहे ना?"

माहितीच्या संरक्षणाचा हा शब्द या देशात न ऐकता कोणाला एक दिवसही काढता येत नाही. मी तसे म्हणालो नाही. मी म्हणालो, आमच्याकडे मुख्याध्यापक स्वतः घरोघर जात असत. बाईंनी चष्मा काढला आणि विचारले, "आणि लोक चिडत नसत?" चिडत असत, अण्णा. एका चहावाल्याने तुम्हाला भर चौकात ऐकवले होते, "हेडमास्तर, आमची पोरं मागताय, तुमचा दिवटा कुठं घालणार? इंग्रजी शाळेतच ना?" आणि तुम्ही म्हणालात, "माझ्याच वर्गात. येऊन बघा." त्या रात्री स्वयंपाकघरात आई भाकरी थापता थापता म्हणाली होती, "मावशीची दोन्ही मुलं तिकडे जातात. बस दारात येते." तुम्ही ताक मागितलेत. एवढेच. जूनमध्ये मी तुमच्या वर्गात बसलो, पहिल्याच दिवशी तुम्हाला अण्णा म्हणालो, आणि तुम्ही मला उभे केलेत. "इथं सर म्हणायचं." अकरा ते पाच मला वडील नव्हते. घरी आल्यावरही तुम्हाला पुन्हा वडील व्हायला बराच वेळ लागत असे.

तर त्या रविवारचे शेवटचे दार. तिथल्या बाईंचे हात पिठाने भरले होते. त्यांनी शांतपणे माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "कल्पना छान आहे, पण आधी टेर्मीन घ्यायची होती, भेटीची वेळ." मग पुढे, "आमचा मुलगा या वर्षी पहिलीत जाईल. पण तुमची मुलगी तरी इथेच राहणार आहे का? माझा नवरा शहरातल्या शाळेत नोकरीला आहे, तुमच्या मिसेसनी त्याच्याकडे तिथली चौकशी केली होती."

मला याचा पत्ता नव्हता. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "इथेच राहणार."

"गेनाऊ?"

"गेनाऊ." अगदी नक्की.

"मग आम्हीही त्याला इथेच घालू," त्या म्हणाल्या, आणि पिठाचा हात पुढे न करता कोपर पुढे केले. ते हलवून मी परतलो.

घरी तुमची सून लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "विचारून ठेवलं, त्यात काय? अहो, तिथे मुलांना चारपर्यंत सांभाळतात, जेवण देतात. इथून ती बाराला घरी येते, माझी मीटिंग साडेबाराला. वरणभात कोण गरम करतं, तुम्ही? तुम्ही गावचे सरपंच झालात, आनंद आहे." तिचे सगळे बरोबर होते. तुमच्या नातीची जिवलग मैत्रीण ऑगस्टपासून शहरातल्या शाळेत जाणार आहे, हेही तिने सांगितले, आणि मी ते ऐकून घेतले. मग मी म्हणालो, शब्द दिला आहे. ती म्हणाली, "कोणाला? पीठ मळणाऱ्या बाईला?" आणि लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवसापासून दुपारची वेळ मी माझ्या साहेबांकडून मागून घेतली. वरणभात आता मी गरम करतो.

नावे पुरेशी झाली. माझ्या बेलमुळे किती आणि निळ्या फलकामुळे किती (निळाच ठरला), हे कोणी सांगू शकत नाही. नगरपालिकेने निर्णय एका वर्षाने पुढे ढकलला. समितीने केक आणला. मला एका ओळीचे आभार आणि पुढच्या वेळी पूर्वसूचना देण्याची विनंती, दोन्ही एकाच वाक्यात मिळाले.

काल जेवताना तुमच्या नातीने विचारले. ती मराठी समजते, उत्तरे जर्मनमध्ये देते. "आल्झो (म्हणजे 'तर मग'), बाबा, मी इथे माझ्यासाठी राहते आहे की शाळेसाठी?" मी लगेच म्हणालो, "तुझ्यासाठी." तिने चमचा खाली ठेवून माझ्याकडे पाहिले, वाद घातला नाही, आणि आणखी भात मागितला.

हाच प्रश्न मी तुम्हाला कधी विचारला नाही. तुम्ही होता तोवर मला तो सुचलाही नव्हता. मला वाटत होते, मुलांना असेच शाळेत घालतात. आज हे सगळे लिहून झाल्यावर दिसते की पत्र त्या एका प्रश्नासाठीच लिहिले, आणि तो एकदाही सरळ विचारला नाही. तसाच राहू द्यावा. तुम्ही असतात तरी मी हे टपालात टाकले नसते. तुम्हाला खोटे बोलता येत नसे, अण्णा, आणि उत्तर नक्की आले असते.