मालिकेवरचं मत, सोमवारच्या टपालाने

सोमवार, २ मार्च

चि. बारक्यास काकाचे अनेक आशीर्वाद.

दादाचा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी डोळ्याच्या ऑपरेशननंतर चष्मा बदलला, की जुनाच ओढताहेत? ताईच्या बाळाला दात आले का? आणि तुझी पाठ? ऑफिसात खुर्ची बदलून मागितलीस, की अजून लाजतोच आहेस? मी बरा आहे. रक्तदाब थोडा वर गेलाय, पण तो मालिकेच्या कालच्या भागामुळे.

अंतराळयान चौदा मजल्यांचं, त्याला आग लागलेली, आणि ही शहाणी मंडळी लिफ्टने पळतात. अडतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. आगीत लिफ्टमध्ये शिरायचं नाही हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं, आणि तीनशे वर्षं पुढचे शास्त्रज्ञ विसरले? कप्तान बाई तेवढी मला पटते. पाना हातात धरते तो कामाच्या माणसासारखा.

शनिवारी त्या उडत्या माणसाचा सिनेमाही पाहून आलो. एका बुक्कीत त्याने तीस मजले आडवे केले आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मी आपला मोजत बसलो. एवढ्या इमारतीत चार लिफ्ट तरी असणार, वेळ दुपारची, म्हणजे वीसेक माणसं आत अडकलेली. त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. हे मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण शेजारच्या बाईंनी मला हळू बोलायला सांगितलं.

आपला नियम तू पाळतोसच. रविवारी भाग बघायचा, फोन करायचा नाही, मत लिहून सोमवारी सकाळी पेटीत टाकायचं, म्हणजे एकाचं वाचून दुसरा घसरायला नको. सहा वर्षं झाली याला. तुझी काकू गेल्यापासून माझ्याशी वाद घालायला घरात एवढं एकच पाकीट येतं. मालिकेचे आता तीन भाग उरले. मला चांगलं खोडून काढ.

दादाला नमस्कार, लहानांना पापे.

तुझा,
काका

&nbsp;

सोमवार, ९ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, आईने चष्मा बदलला, बाळाला खाली दोन दात आलेत. माझी पाठ ठीक.

कालचा भाग पाहून मी सुन्न झालो. कप्तान असं यान वाचवताना जाईल असं वाटलं नव्हतं. तिने दार आतून बंद केलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण काका, मला वाटतं तिचं मरणं योग्यच होतं. नाहीतर अशा मालिका कोणाला मरूच देत नाहीत, आणि मग कशालाच किंमत राहत नाही. तुम्ही याच्या उलट म्हणणार हे मला माहीत आहे. लिफ्टचं म्हणाल तर गोष्टीत थोडं सोडून द्यावं लागतं.

तब्येत सांभाळा, गोळ्या विसरू नका. माया असू द्यावी.

तुमचा,
बारक्या

&nbsp;

गुरुवार, १२ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

रविवारी भाग लागलाच नाही. सामना लांबला म्हणून वाहिनीने तो सोमवारी संध्याकाळी सातला दाखवला. तुझ्या पाकिटावरचा शिक्का सोमवारी सकाळचा आहे.

मी आधी दोष टपालवाल्यांना दिला. शिक्क्याची तारीख फिरवायला विसरले असतील म्हणून पाकीट घेऊन कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी त्या दिवशीची आणखी तीन पाकिटं काढून दाखवली. तारीख बरोबर होती. त्यांनी विचारलं, काही महत्त्वाचं हरवलंय का. मी नाही म्हणालो.

आणि कप्तान मेलेली नाही. ते तिचं स्वप्न होतं. जाहिरातीत त्याचा तुकडा दाखवत होते, तोच तू पाहिलास. मग तुझ्या डोळ्यांत पाणी कशाचं आलं, ते मला समजावून सांग. फिरवून सांगू नकोस.

काका

&nbsp;

मंगळवार, १७ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फिरवत नाही. मी मालिका बघायची सोडून अकरा महिने झाले.

तुम्ही बाबांशी भांडून मला या नोकरीला लावलंत. पोराला कॉम्प्युटरवरचे खेळ आवडतात, त्याला खेळ बनवणाऱ्या कंपनीत जाऊ दे, म्हणालात. इथे माझं काम काय, ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. खेळात चूक कुठे राहिली ते शोधायला तसल्याच एका उडत्या माणसाला मी पडद्यावर दिवसभर एकाच भिंतीवर आपटतो. दोनशे वेळा तो आपटून खाली पडतो, एखाद्या वेळी भिंतीत अडकतो. कुठे अडकला ते लिहून ठेवायचं आणि पुन्हा आपटायचं. घरी आल्यावर ते यान, ते निळे दिवे दिसले की मी टीव्ही बंद करतो. एके काळी मला याच गोष्टीचं वेड होतं, हे आठवलं तरी राग येतो, आणि खरं सांगायचं तर तो थोडा तुमच्यावरही येतो.

मतं मी सोमवारी सकाळी इंटरनेटवर वाचून लिहायचो. ‘गंजका स्क्रू’ या टोपणनावाने कोणीतरी दर भागावर लिहितं, माझी बहुतेक मतं तिथलीच. पण त्या सोमवारी तिथे काहीच नव्हतं, म्हणून जाहिरातीवरून लिहिलं. सामन्याचं मला कळलंच नाही. तुम्ही एकटे पडाल म्हणून केलं. चुकलो. रागावा, पण तोडू नका.

बारक्या

&nbsp;

सोमवार, २३ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

तोडत नाही. दादाशी भांडताना तुला काय हवंय ते विचारायचं राहिलं, ती चूक माझी. नोकरी सोडायची झाली तर दादाशी पुन्हा मीच बोलेन.

पण दुसरं मला गिळवत नाही. तू कंटाळलास, बघत नाहीस, एवढं एका ओळीत लिहिलं असतंस तरी मला पुरलं असतं. म्हाताऱ्याला रमवायला तू दर आठवड्याला पाकीट भरत होतास, आणि मी इकडे कागदावर खुणा करून तुला उत्तरं जुळवत होतो. दिवाळखोरीत निघाल्यासारखं वाटतंय. यंत्रमानवाला मरायचा हक्क असावा, असं तू गेल्या पावसाळ्यात लिहिलंस. मी चार दिवस चिडलो, पाचव्या दिवशी ते मला पटलं. या वयात माझं मत फिरलं, आणि पुतण्याने फिरवलं म्हणून मी बाजारात ओळखीच्यांना सांगत सुटलो होतो.

काल शेवटचा भाग झाला. कसा होता ते तुला लिहीत नाही, तुला नकोसं होईल. तू यापुढे पाठीबद्दल लिही, बाळाच्या दातांबद्दल लिही, पण जे असेल ते लिही.

आणि तो गंजका स्क्रू, बाई असो की बुवा, त्याचा पत्ता मिळवून कळव. अकरा महिने मी त्याच्याशी भांडत होतो आणि त्याला पत्ताच नाही. शेवटच्या भागावरचं माझं मत तयार आहे, पाकीट डकवलंय, वर नाव घालायचं राहिलंय. उत्तराला वेळ लावू नकोस.

काका