अंधार पडायच्या आत

मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांतून मैत्रिणीबरोबर महिनाभर गाडीने फिरायचं अंतराने ठरवलं, तेव्हापासून नयना लेकीशी धड बोलली नव्हती. निघायच्या दिवशी सकाळी ती आखातातल्या बौशरच्या घरातून लवकरच शाळेत शिकवायला निघून गेली. फ्रिजवर चिठ्ठी होती.

"अंतरा, तुला निरोप द्यायला मला जमणार नाही. पराठे डब्यात आहेत. तिकडे गावात शिरताना उंच गतिरोधक असतात, पाटी नसते म्हणे, तेव्हा हळू चालव. पंप दिसला की टाकी भरून घे. डोंगरात फोन लागत नाही, म्हणून निघायच्या आधीच कळव. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठ, गुरं रस्त्यातच बसलेली असतात. उशीर झाला तर असाल तिथेच राहा. लवकर ये म्हणून मी फोन करणार नाही. – आई"

शेवटच्या ओळीशी अंतरा थांबली. गेल्या वर्षी चिन्मयदादा इब्रा गावाहून गाडीने येत होता, तेव्हा आईने फोन केला होता, "जेवायचे थांबलोय, लवकर ये." अंतरा तेव्हा टेबलापाशीच बसली होती. तिन्हीसांजेला त्याच्या गाडीला उंट आडवा आला, तो घरी पोहोचलाच नाही. त्या फोनबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

खाली टॅक्सी आली. अंतराने आईला फोन लावला.

"आई, शाळेच्या गेटवर ये. मी तिकडूनच जाते."

नयना म्हणाली, "विमान चुकेल तुझं."

"चुकू दे," अंतरा म्हणाली.