चादरींचा पलंग

तीर्थरूप आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आमच्या इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात पूर्वी न्यूमोनियाची दोन-दोन लेकरं एका पलंगावर धापा टाकायची. सरकारने सगळ्या बाळांना लस द्यायला घेतल्यापासून पलंग रिकामे पडतात. दाराजवळच्या पलंगावर तर आम्ही धुतलेल्या चादरीच रचतो.

काल त्या चादरी उचलून खुर्चीवर ठेवाव्या लागल्या. तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या बाळाएवढीच मुलगी न्यूमोनियाने धापा टाकत आली. तिची आजी म्हणाली, "हल्ली कुणाला होतं गं हे? मागच्या सुईने ताप आला, म्हणून शेवटची राहू दिली."

आई, परवा फोनवर तूही हेच म्हणालीस, आणि माझं ऐकून न घेता फोन ठेवलास.

तुझा गुडघा कसा आहे? दुखत असला तर शेजारणीला सोबत घे, पण बाळाला सुईला ने. चादरी अजून खुर्चीवरच आहेत.

तुझीच लेक