तिसरी फौज

२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डोळे तपासायच्या तक्त्याच्या मागं लिहिलं होतंस, त्यामुळे मजकूर वाचावा की शेवटची ओळ दिसते का ते बघावं, हेच ठरेना. चष्म्याचं एवढं चालतं दुकान आहे, एखादा कोरा कागद घे की.

आता मुद्द्याचं. आत्याची इमारत जुलैअखेर पाडणार, म्हणजे तिला आपल्यापैकी एकाकडे यावं लागणार. मागच्या खेपेला ती पंधरा दिवस माझ्या दवाखान्यात येऊन बसायची. तीन पेशंटना तिनं सांगितलं की दाढ काढायची काही गरज नाही, मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. तिघंही बरे झाले, हे त्याहून वाईट. तुझ्याकडेही फ्रेम घातल्यावर गिऱ्हाईक कसं दिसतं ते ती खरं खरं सांगायची, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा तुझी सूचना मान्य: आपल्या खेळण्यातल्या सैनिकांची नदीकाठची लढाई जो हरेल, त्याच्याकडे आत्या. फासे नेहमीसारखे तीच टाकेल, कारण तिच्याइतका सरळ पंच आपल्याला मिळायचा नाही. पैज कशावर आहे ते मात्र तिला कळता कामा नये.

माझं घोडदळ रंगवून झालं. दात कोरायच्या सुईनं मिश्या काढल्यात. भिंगातून बघशील तर प्रत्येक स्वार वेगळ्या कारणानं चिडलेला दिसेल. जेवायचं टेबल रणांगणाखाली गेल्यामुळे आम्ही दोघं महिनाभर ओट्याशी उभ्यानं जेवतोय. हिच्याशी बोलणं जपूनच करावं लागतं.

रणांगण सोडून बाकी सगळीकडे तुझा आज्ञाधारक,
धाकटा


९ जून

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

या खेपेचे माझे हुकूम असे. पायदळ पुलावरून दोन वीत पुढं. सहाही तोफा टेकडीवर, म्हणजे हिरव्या चादरीखाली जी उशी आहे तिच्यावर. धाकट्याचे हुकूम आले की दोघांचे फासे टाक आणि कोण कुठं पोचलं, किती पडले ते दोघांना कळव, म्हणजे आम्ही आपापल्या टेबलावर सैनिक हलवू.

इमारतीची काळजी करू नकोस. आमचं दोघा भावांचं त्यावर बोलणं चालू आहे. कागद वाया जाऊ नये म्हणून हाताला लागला त्याच्याच मागं लिहितोय, राग मानू नकोस.

तुझा,
दादा


१६ जून

चि. दादा आणि चि. धाकटा,
दोघांना आशीर्वाद. एकच मजकूर दोनदा लिहिला आहे.

दादाच्या तोफांची दारू भिजली. धाकट्याचं घोडदळ दमून नदीकाठी बसलं. शिवाय पूर्वेकडून, म्हणजे जिकडे तुमच्या खुर्च्या आहेत तिकडून, तिसरी फौज आली आहे. चाळीस भालेवाले. कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानातून दोन टेबलांसाठी दोन संच आणले आणि स्वतः रंगवले. तुम्हा दोघांना चाळीस चाळीस पार्सलनं पाठवते, नीट मांडा. दुकानदार म्हणाला, हे तुमच्या लढाईच्या दोन हजार वर्षं आधीचे. मी म्हटलं, मग तर मोठ्यांचा मान त्यांचाच.

तुमच्या नियमांच्या वहीत, पान एकतीसवर, तुम्हीच लिहून ठेवलंय की नियमात नसेल ते पंच ठरवेल. तिसरी फौज नियमात नाही. म्हणून मी ठरवलं.

तब्येती सांभाळा.
आत्या


२० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे काय चाललंय? माझ्या तोफांनी चारदा नेम धरला, चारही वेळा आत्याकडे फाशावर एक पडला. तिचे भालेवाले सहाच्या खाली यायला तयार नाहीत. सगळ्यांचे चेहरे निळे आहेत, तिच्याकडे तेवढाच रंग होता वाटतं. त्यांनी माझा अख्खा दारूगोळा नेला. माझी बायको तर उघड उघड त्यांच्या बाजूची झाली आहे. पार्सल तिनंच सोडलं आणि मला न विचारता त्यांना चांगली जागा दिली.

एकच विचारतो. दोन तारखेचं माझं पत्र तू फाडलंस ना? की त्याची मागची बाजू कोरी होती?

काळजीत असलेला,
धाकटा


२४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कोरी होती.

दादा


२९ जून

चि. दोघांस,
आशीर्वाद.

दादाचे हुकूम वाचून कागद उलटा केला, तर मागं धाकट्याचं पत्र. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस घास गिळवला नाही. तुमचे आईवडील गेले तेव्हा तुम्ही नऊ आणि सहा वर्षांचे होतात. एक ट्रंक घेऊन माझ्या दारात उभे राहिलात. माझी एकच खोली होती आणि टेलिफोन ऑफिसात पाळ्या होत्या. पण तुम्हाला ठेवायचं की नाही, यासाठी मी फासे टाकले नव्हते. त्या वेळी माझ्याकडे फासे होते, हेही सांगून ठेवते.

लढाईचं म्हणाल तर नदीच्या दोन्ही काठांवर आता माझेच लोक आहेत. दोघंही हरलात. पैजेप्रमाणे पुढं काय, ते कळवा.

आत्या


४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून लिहितोय. सूचना माझी होती, धाकट्यानं नुसती मान डोलावली. मला लाज वाटते. पण नियम तो नियम. माझे एकशे बारा पडले, धाकट्याचे एकशे नऊ. म्हणजे जास्त मीच हरलो. तू माझ्याकडे ये.

तुझा अपराधी,
दादा


५ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

दादाचं काही ऐकू नकोस. त्याच्यातले तीन ढोलवाले त्याच्या मांजरानं लढाईआधीच पाडले होते, ते यात धरायचे नाहीत. उलट माझा सेनापती घोड्यासकट कैद झालाय. याच्याइतकं वाईट कुणी हरलेलं नाही. मी फार चुकलो, आत्या. पेशंटही तुझी चौकशी करतात. माझ्याकडेच ये.

तुझा,
धाकटा


१० जुलै

चि. दादा आणि चि. धाकटा,
अनेक आशीर्वाद.

इतक्या हौसेनं हरणारे सेनापती मी पाहिले नाहीत. माफ केलं. पुरतं विसरायला थोडे दिवस लागतील, तेवढे द्या.

मात्र कुणाची हार म्हणून मी कुणाच्या दारात यायची नाही. लढाई मी जिंकले आहे, आणि जिंकलेल्या मुलखात कुठं राहायचं ते जिंकणारा ठरवतो. शनिवारी दुपारच्या गाडीनं दादाकडे येते. रस्त्याकडच्या खोलीत उजेड चांगला आहे, रंगकामाला मला तीच हवी. तिथलं काच घासायचं यंत्र हलवून ठेव. हिवाळ्यात धाकट्याकडे येईन आणि दवाखान्यातली माझी खुर्ची मला लागेल. दोघांच्याही बायकांना कळवलंय, त्यांची हरकत नाही.

स्टेशनवर दोघंही या. निशाणं खाली घेऊन या.

तुमच्यावर आजही तेवढाच जीव असलेली,
आत्या