यतिभंगाचा निर्दोष श्लोक

२ डिसेंबर

आज माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, आणि दाद मागायला या वहीखेरीज दुसरं न्यायपीठ मोकळं नाही. यतिभंगाचा श्लोक निर्दोष आला!

वस्तुस्थिती अशी. थंडी पडली की संमेलनाचं निमंत्रण मी मंदाक्रांता वृत्तात धाडायचं, उरलेल्यांनी त्याच वृत्तात उत्तर द्यायचं, आणि ज्याचा श्लोक सदोष त्याने जेवणानंतर सगळ्यांची भांडी घासायची – हा आमच्या संस्कृतच्या वर्गाचा नियम. वर्गात होतो सात. दोघे देवाघरी, दोघे परदेशी, परिणाम एकच. उरलो तिघे. मी, प्रथमा (सदैव पहिली यायची, आता मुख्याध्यापिका) आणि हा, वडिलांचं चष्म्याचं दुकान चालवणारा. याच्या ओळीत श्वास नको तिथे तुटतो, शब्दाच्या ऐन पोटात. म्हणून सरांनी त्याचं नाव यतिभंग ठेवलं, आणि लग्नानंतर वहिनींनीही ते मान्य केलं. कॉलेज सुटल्यापासून दर हिवाळ्यात भांडी त्यानेच घासली आहेत. काय सुखाची व्यवस्था होती!

आणि आज हे. विसावा जिथल्या तिथे, एकही गुरू जागचा हललेला नाही. बोटांवर मोजलं, मग पेन्सिलीने मोजलं. मग यंदा भांडी कोणी घासायची?

३ डिसेंबर

हिला श्लोक वाचून दाखवला. म्हणाली, सुधारला असेल माणूस. या वयात? मी आयुष्यभर विमा कंपनीच्या दावे विभागात बसलो आहे. अचानक सुधारलेला माणूस दिसला की मी आधी त्याची सही ताडून पाहतो.

५ डिसेंबर

त्याला फोन केला. वहिनींनी उचलला. "आंघोळीला गेलेत, भावोजी." आवाज जरा जास्तच गोड.

६ डिसेंबर

पुन्हा आंघोळीला.

८ डिसेंबर

आंघोळ. या वेगाने हा माणूस विरघळून जाईल!

९ डिसेंबर

प्रथमेचा निरोप – यंदा संमेलन तिच्याकडे, यतिभंगाकडे फरशीचं काम निघालंय. वा! इतकी वर्षं आम्ही त्याच्याच दुकानामागच्या खोलीत बसतो, काचा घासायच्या यंत्राला टेकून. त्या खोलीची फरशी मी जाणतो. ती आमच्या सगळ्यांच्या नंतर जाईल.

आणि फरशीची बातमी प्रथमेला माझ्याआधी कशी? म्हणजे मला वगळून यांचं बोलणं चालू आहे. त्याने मला दसऱ्यानंतर एक अक्षर स्वतःहून लिहिलेलं नाही. पूर्वी दर आठवड्याला लिहायचा. 'शंकासुरा, जिवंत आहेस का?' बस, एवढंच. आता येतात ती हात जोडलेली चित्रं. हात जोडणारा माणूस नव्हे तो.

१० डिसेंबर

आज कार्यालयात एका जळालेल्या दुचाकीचा दावा तपासत असताना मनात एक विचार आला. लिहायला संकोच वाटतो, पण ही वही माझी आहे. प्रथमेचे यजमान जाऊन आता बराच काळ झाला. आणि हा श्लोक कोणाच्या घडणीचा आहे हे मला ओळखू येत नाही असं नाही. चरणाच्या अखेरीस क्रियापद बसवून वर चिमटीभर अनुप्रास टाकायची खोड वर्गात एकीचीच होती. एक बाई एका पुरुषासाठी श्लोक रचून देते, फोन कधीच घेता येत नाही, घरी बोलावणं बंद...

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, त्यांना चष्म्याशिवाय दार दिसत नाही, आणि तिला गुडघ्याने जिना उतरवत नाही. पळून जातील ते कसे?"

युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही काहीतरी लपवलं जातंय. दाव्यांमधे असतो तसा वास येतोय.

१३ डिसेंबर

सापळा लावला. केवळ यतिभंगाच्या फोनवर एक श्लोक पाठवला, तिसऱ्या चरणात यती मुद्दाम मोडून. खऱ्या यतिभंगाला ते जन्मात कळलं नसतं. उलट म्हणाला असता, 'आज तुझं जमलंय.'

दुपारी उत्तर – 'तिसऱ्या चरणात यती भंगली आहे. पुन्हा तपासा.'

तपासा! मला! आमच्या वर्गात मला अहोजाहो करणारा माणूस अजून जन्मायचा आहे. हा वह्यांच्या समासातला लाल शेरा आहे. मुख्याध्यापिकाबाई रंगेहाथ सापडल्या.

सापडल्या खऱ्या, पण आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही. श्लोक तिचे असतील, तर तो कुठे आहे?

१५ डिसेंबर

अर्धी रजा टाकून बसने त्याच्या दुकानात गेलो. न कळवता.

गल्ल्यावर वहिनी. एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होत्या. मला पाहिलं आणि फ्रेम हातातून निसटली. आजोबांनी ती हवेतच झेलली. नजर चांगली होती, चष्मा कशाला हवा होता कोण जाणे. वहिनी म्हणाल्या, हे मालाच्या खरेदीला बाजारात गेलेत, उशीर होईल. मी बरं म्हणालो. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोललो. माझ्या मुलीचं विचारलं त्यांनी. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. त्याच्या खालून फरशी दिसत होती – जुनी, ओळखीची, शाबूत.

आणि गल्ल्यावर, बिलांच्या शेजारी, त्याचा चष्मा. तोच, जाड काचांचा, डावी काडी दोऱ्याने बांधलेला. (चष्मेवाल्याचा चष्मा कायम मोडका!) हा माणूस त्याशिवाय स्वतःचे पाय बघू शकत नाही, आणि बाजारात गेला?

माझी नजर कुठे आहे ते वहिनींनी पाहिलं. त्यांनी चष्मा उचलला, पदराने पुसला, ड्रॉवरमधे ठेवला. दारामागे कोणीतरी खुर्ची सरकवली.

मी ढकलून आत जाऊ शकलो असतो. गेलो नाही. बसमधे सबंध रस्ता खिडकीची काच पुसत होतो, आणि धुकं काचेच्या बाहेर होतं.

१६ डिसेंबर

प्रथमेला फोन लावून सरळ विचारलं. तिने नाकारलं नाही. म्हणाली, "शंकासुरा, शब्द दिलाय मी. रविवारी ये. आणि दावे तपासतोस तसा येऊ नकोस."

हिने आज पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. माझी लोकरीची टोपी धुऊन वाळत घातली.

२२ डिसेंबर

काल संमेलन झालं. सुसंगत लिहिता येईल असं वाटत नाही.

तो वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून आला. दुसऱ्या हातात काठी नव्हती, कारण तो हात काठी धरत नाही. उजवी बाजू. ऑक्टोबरात झटका आला, दुकानातच. बुद्धी शाबूत, चेहरा जरासा उतरलेला, वाचा अर्धी गेलेली. समजतं सगळं, शब्द येतात ते तुकड्यांनी. मला पाहून म्हणाला, "शं... का... सुर." आणि घाम पुसला.

सगळ्यांना माहीत होतं. प्रथमेला पहिल्या आठवड्यापासून. परदेशातल्या त्या दोघांनाही. मला तेवढं कळवायचं नाही, असं त्याने डाव्या हाताने खुणा करून बजावलं होतं. माझं निमंत्रण आलं तेव्हा घरात पंचाईत झाली. उत्तर नाही गेलं तर शंकासुर येऊन धडकणार! मग वहिनी माझा मजकूर प्रथमेकडे पाठवायच्या आणि तिचं उत्तर याच्या फोनवरून मला.

"पण इतकं निर्दोष कशाला लिहिलंस?" मी प्रथमेला विचारलं. "एक यती मोडली असतीस तर मला कळलंही नसतं."

म्हणाली, "प्रयत्न केला रे. खोटं लिहिलं. चुकीचं लिहवेना."

जेवण झालं. नियमाप्रमाणे यंदा त्याचा श्लोक निर्दोष, प्रथमेचा तर असतोच, सदोष फक्त माझा तो सापळ्यातला. मी बाह्या सरसावून मोरीपाशी उभा राहिलो. तो मागून पाय ओढत आला. डाव्या हाताने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"भां... डी... मा..." थांबला. श्वास नको तिथे तुटला, शब्दाच्या ऐन पोटात. "...झी."

बरोबर होतं त्याचं. श्लोक त्याचा नव्हताच. कॉलेजपासून तो असा अडखळला की मी एक ठरावीक वाक्य म्हणत आलो आहे: 'राजा, बोलतानाही मोडतोस?' ते ओठांपर्यंत आलं. तो वाट बघत होता. स्पष्ट दिसत होतं, वाट बघत होता. मी म्हणालो, "राहू दे, तू दमशील."

त्याने ताट खाली ठेवलं आणि आत जाऊन बसला.

वहिनी तिथेच फडकं घेऊन उभ्या होत्या. मी विचारलं, मलाच का नाही सांगितलं? मी हसेन अशी भीती वाटली का त्याला?

"नाही हो, भावोजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही हसायचे थांबाल म्हणून."

२३ डिसेंबर

कार्यालयात गेलो. तीन दावे मंजूर केले, न तपासता.

२९ डिसेंबर

सकाळी यतिभंगाचा श्लोक आला. त्याचा स्वतःचा, डाव्या हाताने लिहिलेला. कागदाचा फोटो काढून वहिनींनी पाठवला. दीड चरण. यती दोन ठिकाणी मोडलेली. अस्सल.

दिवसभर फोन हातात आहे. त्याला चिडवायचं आहे, आणि एकही चेष्टा सुचत नाही. त्याची वाचा हळूहळू येईल असं डॉक्टर म्हणतात. माझी येईल की नाही, याची मला भीती वाटते.